लाल फुल्यांखालची अक्षरं

प्राध्यापकाला बढती हवी असली की आपल्या नोकरीचा हिशोब कागदावर मांडावा लागतो. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, 2010 सालच्या नियमांनी या हिशोबाचे तीन गट पाडून दिले: शिकवणं, शिकवण्यापलीकडचे उपक्रम आणि संशोधन. रेफरीड, म्हणजे तज्ज्ञांनी तपासलेल्या, जर्नलमध्ये एक पेपर आला की तेव्हा 15 गुण मिळायचे. मग काय, पैसे भरा आणि पंधरवड्यात पेपर छापून घ्या, असली 'इंटरनॅशनल' जर्नलं कुठून कुठून निघू लागली. 2018 मध्ये यूजीसीने आपल्या यादीतून 4,000हून अधिक जर्नलं एका झटक्यात काढून टाकली, तेव्हा स्टाफरूममधले काही चेहरे आठवडाभर उतरलेले होते.

मी बी.एड. कॉलेजात शिकवलं. अध्ययन अक्षमता, म्हणजे बुद्धी असूनही वाचता-लिहिताना अडणं, हा माझा विषय. पेपर मीही लिहिले, दुसऱ्यांचे तपासले, अभ्यासक्रम समित्यांवर बसले, डाएटच्या, म्हणजे जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेच्या, प्रशिक्षणांचे घटकसंच लिहिले. त्या सगळ्याला फॉर्ममध्ये जागा होती. दुसऱ्या गटात 'विस्तार कार्य' नावाचा एक रकाना असे, त्यात मी दरवर्षी 'परिसरातील जि. प. शाळांना मार्गदर्शन' एवढंच लिहून मोकळी व्हायची. बाबू विचारायचा, "मॅडम, याचा पुरावा काय जोडायचा?" मी मुख्याध्यापकांचं पत्र जोडायची. खरा पुरावा पोरांच्या वह्यांत होता आणि वह्या काही जोडता येत नाहीत.

या विषयाला त्याचं आजचं नाव मिळालं तेही एका प्राध्यापकाच्या अशाच वर्गाबाहेरच्या कामातून. 6 एप्रिल 1963 रोजी शिकागोत पालकांची सभा भरली होती. त्यांची मुलं ऐकत होती, बोलत होती, बुद्धीला कमी नव्हती, पण वाचता-लिहिताना अडत होती. कुणी डॉक्टर मेंदूला इजा म्हणे, कुणी 'शब्दांध' म्हणे. इलिनॉय विद्यापीठाचे प्राध्यापक सॅम्युएल कर्क तिथे बोलायला उभे राहिले आणि त्यांनी या मुलांसाठी 'लर्निंग डिसॅबिलिटी' हे शब्द वापरले. गंमत अशी की नावांच्या मोहात पडू नका, असंही त्यांनी त्याच भाषणात बजावलं होतं. नाव मिळालं की मोठ्यांचं समाधान होतं, मुलाला उद्या काय शिकवायचं ते त्यातून कळत नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. पालकांनी नाव उचललं, इशारा तिथेच राहिला. त्या नावाने संघटना उभी राहिली, 1969 मध्ये कायदा आला, 1975 मध्ये आणखी मोठा कायदा आला आणि या मुलांना शिकवणं अमेरिकेतल्या सरकारी शाळांवर बंधनकारक झालं.

कर्कांची मला जास्त आवडणारी गोष्ट मात्र या भाषणाच्या तीसेक वर्षं आधीची आहे. विद्यार्थीदशेत ते शिकागोजवळच्या एका निवासी शाळेत काम करत. तिथल्या एका मुलाच्या कागदपत्रांवर शब्दांध असा शेरा होता. बाकीची पोरं झोपली की हा मुलगा हळूच उठून यायचा आणि दोन खोल्यांमधल्या चिंचोळ्या जागेत, न्हाणीघराच्या दाराशी बसून कर्क त्याला वाचायला शिकवायचे. आता हे कुठल्या रकान्यात लिहाल?

आमचा भाग पूर्णेच्या खोऱ्यातला, खारपाणपट्टा. विहिरीचं पाणी खारट, जमीन काळी आणि उन्हाळ्यात पाय अडकेल अशी भेगाळणारी, पीक बहुतेक पावसाच्या भरवशावर. कपाशी, तूर, सोयाबीन, हरभरा. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे बाकी महाराष्ट्राच्या मागून, जून संपता संपता उघडतात. शाळेचं गाडं जरा रुळावर येतं न येतं तोच सोयाबीनची सोंगणी येते, दिवाळी होते आणि मग कापूसवेचणी. वेचणीचे पैसे किलोवर. माय-बाप दोघंही वावरात गेले की धाकट्या भावंडाला सांभाळायला घरी कुणी तरी लागतं आणि ते कुणी तरी बहुधा पाचवी-सहावीतलं असतं. हजेरीपटावर डिसेंबरात त्याच्या नावापुढे 'हजर' असतं, तो भाग वेगळा.

अध्ययन अक्षमतेच्या व्याख्येत एक छोटं वाक्य असतं: मुलाला नीट शिकवलंच गेलं नसेल, त्याची भाषा वेगळी असेल, डोळ्यांचा किंवा कानांचा दोष असेल, तर त्याच्या अडचणीला हे नाव लावायचं नाही. बी.एड.च्या पुस्तकात ही ओळ वाचायला दहा सेकंद लागतात. खेड्यातल्या एका मुलाच्या बाबतीत ती पाळायची म्हटली की सहज वर्ष जातं.

माझ्या कॉलेजात मेळघाटातून, धारणी-चिखलदऱ्याकडून विद्यार्थी यायचे. त्यांतल्या एकाने सरावपाठाच्या काळात आपल्या शाळेतल्या 'अध्ययन अक्षम' मुलांची यादी करून आणली. यादीत निम्मा वर्ग होता. घरी कोरकू बोलणारी मुलं. कोरकू ही मुंडा कुळातली भाषा, मराठीशी तिचं रक्ताचं नातं नाही. पहिलीच्या मुलाला फळ्यावरचं 'कमळ' वाचता येत नव्हतं, कारण कमळ म्हणजे काय तेच त्याला ठाऊक नव्हतं. मी त्या विद्यार्थ्याला विचारलं, तुझ्या शाळेतल्या गुरुजींना कोरकू येतं का? येत नव्हतं. म्हटलं, मग त्यांचं नाव यादीत पहिलं घाल.

हे झालं जंगलातलं. सपाटीवरच्या गावात भाषा मराठीच, पण वऱ्हाडी. आणि इथेच मास्तर लोकांची सगळ्यात जास्त गफलत होते.

पाचवीतल्या एका मुलाची वही माझ्यापुढे आली ती केंद्राच्या शिक्षण परिषदेत, म्हणजे आसपासच्या शाळांतल्या शिक्षकांच्या बैठकीत. नाव लिहीत नाही, 'तो' म्हणू. त्याच्या वर्गशिक्षकांनी ती मुद्दाम आणली होती. "मॅडम, याला अध्ययन अक्षम दाखवू का? यूडायसला माहिती भरायची आहे." यूडायस म्हणजे शाळांची सरकारी माहिती-नोंद. श्रुतलेखन होतं, 10 शब्दांचं. 9 फुल्या, तांबड्या बॉलपेनच्या, शेवटची तर कागद फाटेपर्यंत दाबलेली. 10पैकी 1.

मी त्यांना म्हटलं, फुल्या जरा बाजूला ठेवू, त्यांच्या खाली काय लिहिलंय ते वाचू.

शाळा ऐवजी त्याने लिहिलं होतं 'शाया'. डोळा ऐवजी 'डोया'. पाणी ऐवजी 'पानी'. ह्या 3 चुका नव्हत्याच. त्याच्या घरात, गल्लीत, पारावर सगळे शायाच म्हणतात, आणि खरं सांगायचं तर मास्तरही जेवणाच्या सुटीत तेच म्हणतात. पोरगं कानाने जे ऐकतं ते इमानाने लिहीत होतं. त्याला प्रमाण मराठीतलं लेखन शिकवायचं, पण त्याच्या मेंदूवर संशय घ्यायचं कारण नाही. विहीर त्याने 'विहिर' अशी लिहिली होती. ती तर निम्मा महाराष्ट्र तशी लिहितो, दुकानांच्या पाट्या वाचा.

आता मिरची. त्याने लिहिलं होतं 'मरिची'. आणि सूर्यचं 'सुरय'. नीट बघितलं तर या दोन्हींत एक तर्क आहे. 'मि' म्हणताना आपण आधी म उच्चारतो, मग इ. पण ऱ्हस्व वेलांटी कागदावर म च्या आधी बसते. हा पोरगा ऐकलेल्या क्रमाने लिहीत गेला: म लिहिला, मग वेलांटी काढली, तेवढ्यात पुढचा र आला आणि वेलांटी त्याच्या गळ्यात पडली. रफाराचं उलट. तोंडातून र आधी निघतो, पण कागदावर तो पुढच्या अक्षराच्या डोक्यावर जाऊन बसतो. आपली लिपी मोठी प्रामाणिक, जसं बोलावं तसं लिहावं, असं आपण अभिमानाने सांगतो. बहुतांशी खरंही आहे ते. पण या दोन जागी ती लहान मुलाला चकवते. पहिली-दुसरीत सगळीच पोरं इथे पडतात आणि उठतात. पाचवीत कुणी अजून पडत असेल तर कान टवकारायचे.

राहिले 3 शब्द. कपाशीचं 'पकाशी', पाऊसचं 'पासऊ', घरचं 'धर'. यांना बोलीचा आधार नाही, लिपीचाही नाही. ज्याच्या बापाच्या वावरात कपाशीच उभी आहे, जो दिवसातून दहा वेळा तो शब्द बोलतो, त्याच्या हातून तो उलटा उतरतो, आणि मागची पानं चाळली तर तोच शब्द एकदा 'कपशी', एकदा 'काशपी'. एकच शब्द, दर वेळी वेगळा. मला अस्वस्थ केलं ते या विसंगतीने. बैल तेवढा बरोबर होता.

मास्तर वहीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे 10पैकी 5 द्यायला पाहिजे होते का?" मी म्हटलं, मार्क किती द्यायचे ते तुम्ही बघा, उद्यापासून काय शिकवायचं ते आता आपल्याला कळलं.

मला विचाराल तर शिक्षणाच्या प्राध्यापकाने या क्षेत्रात करायचं मुख्य काम हेच आहे. शिक्षकाला वही वाचायला शिकवणं. अभ्यासक्रम समितीत मी एकच गोष्ट लावून धरली होती: बी.एड.च्या प्रत्येक विद्यार्थ्याने एका मुलाच्या सगळ्या वह्या एक सत्रभर बघाव्यात, चुका मोजू नयेत, त्यांची जात ओळखावी. 2015 पासून बी.एड. दोन वर्षांचं झालं, समावेशक शाळेवर अर्धा पेपर आला, म्हटलं आता जमेल. पेपरमध्ये व्याख्या आल्या, प्रकार आले, कारणं आली, 'थोडक्यात उत्तरे लिहा' आलं. वह्या आल्या नाहीत. समितीतले एक ज्येष्ठ सदस्य म्हणाले, "याचं मूल्यमापन कसं करणार?" त्यांचा प्रश्न रास्त होता, फक्त त्यांना उत्तर नको होतं.

पण त्या मुलाकडे परत यायला हवं. तो वर्गात उभा राहून धडा वाचायचा, अगदी खणखणीत. मास्तर म्हणाले, वाचतो तर बरा! मी त्याच्या शेजारी जाऊन बसले. त्याचं बोट होतं तिसऱ्या ओळीवर आणि तोंडात ओळ होती पाचवी. सगळा धडा त्याला पाठ होता. बहीण एक वर्ष पुढे, ती घरी मोठ्याने वाचायची, याने ऐकून ऐकून साठवलं होतं. पुस्तक बंद करून मी तीच वाक्यं उलटसुलट करून कागदावर लिहून दिली, तेव्हा तो पहिल्या शब्दालाच थांबला आणि खिडकीबाहेर बघायला लागला.

अशी मुलं वर्षानुवर्षं सुटतात. त्यात आणखी एक गोम आहे. इंग्रजीसारख्या लहरी स्पेलिंगच्या भाषेत असं मूल चुकीचं वाचून लगेच सापडतं. आपल्यासारख्या उच्चाराला धरून चालणाऱ्या लिपीत ते सरावाने हळूहळू बरोबर वाचू लागतं, पण वेग येत नाही. एकेक अक्षर जोडत तो ओळीच्या शेवटाला पोचतो तोवर सुरुवात विसरलेला असतो. मास्तर म्हणतात, वाचतो पण समजत नाही. आळशी आहे.

अंकांचंही तसंच. सत्तावीस म्हणताना आपण सात आधी म्हणतो आणि लिहितो मात्र 27. हा मुलगा 72 लिहायचा. 2019 मध्ये बालभारतीने दुसरीच्या गणितात 'वीस सात' असं वाचन आणलं तेव्हा केवढी थट्टा झाली, विधानसभेपर्यंत. मंगला नारळीकरांच्या समितीने ते सुचवलं होतं. जोडाक्षरांनी भरलेल्या संख्यानामांना बुजणारी मुलं त्यांच्या डोळ्यांपुढे होती. थट्टा करणाऱ्यांच्या घरात 72 लिहिणारं मूल नसावं, किंवा असेल तर त्याला ट्यूशन लावलेली असावी.

आता प्रश्न असा की वर्गात असा तो एकटा कसा ओळखायचा? 'असर' ही मुलांच्या वाचन-गणिताची पाहणी 2005 पासून गावोगावी होते. 2024 च्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या पाचवीतल्या मुलांपैकी दुसरीचा उतारा वाचू शकणारी निम्मीही भरली नाहीत. जिथे निम्मा वर्गच अडलाय, तिथे एकावर शिक्का मारणं म्हणजे पेरणीच धड झाली नसताना उगवण कमी म्हणून बियाण्याला दोष देणं. अमेरिकेत 1977 पासून बुद्ध्यांक आणि प्रत्यक्ष वाचन यांतली तफावत मोजून ठरवायचे. म्हणजे मूल पुरेसं मागे पडेपर्यंत थांबायचं, असा तो कारभार. 2004 च्या कायद्याने दुसरी वाट मोकळी केली: आधी सगळ्यांना नीट शिकवा, प्रगती बघत राहा, तरीही जे अडतील त्यांच्याकडे बारकाईने वळा. मला ही वाट आमच्या खेड्यांसाठीच आखल्यासारखी वाटते. आमच्याकडे चाचण्या नाहीत, खडू-फळा आहे.

तशा चाचण्या आता आल्या आहेत म्हणा. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने 2015 मध्ये 'डाली' नावाचा संच काढला. त्यात हिंदी, कन्नड, इंग्रजीबरोबर मराठीही आहे आणि पहिली-दुसरीसाठी व तिसरी ते पाचवीसाठी शिक्षकांनीच भरायच्या पडताळासूच्या आहेत. 2022 मध्ये एनसीईआरटीचं 'प्रशस्त' ॲप आलं. चांगली गोष्ट आहे. फक्त ॲपमध्ये माहिती भरायला आमच्या एका शाळेतल्या बाईंना मारुतीच्या पारावर जाऊन उभं राहावं लागे, कारण नेटवर्क तिथेच. तेव्हा सगळ्या गावाला कळायचं की बाई आज कुणाचं तरी 'ऑनलाइन' करून राहिल्या.

त्या मुलाच्या बाबतीत आम्ही शिक्का बाजूला ठेवला आणि रोज परिपाठानंतर वीस मिनिटं ठरवली. आधी पुस्तक नाही, नुसते आवाज. कपाशीतला क काढला तर काय उरतं? पाऊसमधला शेवटचा आवाज कुठला? कानाचे खेळ. मग एका ताटलीत बारीक रेती घेऊन बोटाने अक्षर, तोंडाने आवाज, दोन्ही एकाच वेळी. घ आणि ध शेजारी शेजारी काढून त्यांच्या डोक्याचा फरक बोटाला कळेपर्यंत. वेलांट्यांसाठी मास्तरांनी स्वतःच युक्ती काढली: आधी सगळी अक्षरं मोकळी जागा सोडून लिहायची, मग हिरव्या पेन्सिलीने मागे जाऊन वेलांट्या, उकार, रफार चढवायचे. ही युक्ती मी कुठल्या पुस्तकात वाचलेली नव्हती. नंतर मी ती इतर केंद्रांवर सांगत सुटले, मास्तरांचं नाव घेऊनच. डोळे, कान, हात एकत्र जुंपायची ही पद्धत सॅम्युएल ऑर्टन यांनी अमेरिकेत 1920च्या दशकात मांडली, ॲना गिलिंगहॅम यांनी तिची पाठरचना केली. आणि हाताने शिकण्याचा आग्रह म्हणाल तर तो आमच्या शेजारी वर्ध्याला ऑक्टोबर 1937 च्या परिषदेत गांधीजींनी मांडलाच होता. नई तालीमचा, त्यांच्या त्या शिक्षणपद्धतीचा, उद्देश वेगळा होता, हे मान्य. पण तकली फिरवणाऱ्या शाळेत आमचं हे पोरगं पहिल्या दिवसापासून हुशार ठरलं असतं, एवढं नक्की.

कारण त्याचे हात हुशार होते. बाप पहिल्यांदा भेटायला आला तेव्हा उभ्यानेच म्हणाला, "पोट्टा काही ढ नाही जी मॅडम. वावरात सोडा त्याले, मोटर खोलते अन् जोडून देते. पन पुस्तक हाती घेतलं का त्याचे हातपायच गयतात. काहून होते असं?" मी म्हटलं, बसा भाऊ, सांगते. त्याला मी मेंदूबिंदू काही सांगितलं नाही. म्हटलं, याला अक्षरांचा आवाज पकडायला वेळ लागतो, याची वाट जरा लांबची आहे. बाप म्हणाला, "लांबची तं लांबची. हाये ना पन वाट?"

वाचायची ओढ लागली ती मात्र आमच्या रेतीच्या ताटलीने नव्हे. 2017 च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन 20हून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. त्यानंतर आमच्याही गावांत फवारणीची धास्ती बसली होती. कीटकनाशकाच्या डब्यावर रंगीत तिकोन असतो: तांबडा सगळ्यात जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. न वाचता येणाऱ्यालाही कळावा म्हणून. या मुलाला चारही रंग पाठ होते, बापाला तोच सांगायचा. पण डब्यासोबतच्या घडीपत्रिकेवर, मुंगीएवढ्या अक्षरांत, किती पाण्यात किती औषध ते लिहिलेलं असतं. ते वाचायला शेजाऱ्याला बोलवावं लागे आणि शेजारी उपकार केल्यासारखा वाचायचा. एक दिवस पोरगं ती पत्रिकाच शाळेत घेऊन आलं. मास्तरांनी तिच्यातले शब्द फळ्यावर मोठे करून लिहिले. मात्रा, मिसळा, फवारणी, हातमोजे, लिटर. 'मिसळा'ची वेलांटी त्याने हिरव्या पेन्सिलीने आपल्या जागी बसवली, त्यासाठी त्याला कुणी सांगावं लागलं नाही. सहावीच्या शेवटी तो पत्रिका वाचत होता. सावकाश, अडखळत, शब्दाखाली बोट ठेवून. वेग त्याचा आजही कमी आहे, आणि मला वाटतं राहील.

कागदाचा प्रश्न मग सातवीत उभा राहिला. महाराष्ट्राने दहावीच्या परीक्षेत अशा मुलांना सवलती द्यायला 1996 मध्येच सुरुवात केली. तेव्हा प्रमाणपत्रासाठी नावं ऐकू यायची ती मुंबईतल्या इस्पितळांची. आमच्या गावातून मुंबई म्हणजे विठ्ठलापेक्षा लांब. देशाच्या 1995 च्या अपंग व्यक्ती कायद्यात 7 प्रकार होते, त्यांत ही मुलं नव्हतीच. 2016 च्या कायद्याने प्रकार 21 केले, त्यात विशिष्ट अध्ययन अक्षमता आली, कायदा एप्रिल 2017 पासून लागू झाला. 2018 च्या मार्गदर्शक सूचनांनी आठव्या वर्षापासून प्रमाणपत्र, मग चौदाव्या आणि अठराव्या वर्षी फेरतपासणी, असं ठरवून दिलं. म्हणजे दार उघडलं. पण त्या दारापर्यंत पोचायला आधी तालुका, मग जिल्हा. बालरोगतज्ज्ञ एका दिवशी, मानसशास्त्रज्ञ दुसऱ्या दिवशी, आणि तो रजेवर असेल तर तिसऱ्या. प्रत्येक फेरीला बापाची रोजी बुडते आणि एसटीचं भाडं वरून. शेवटी पदरात काय, तर टक्के. 40 किंवा त्याहून जास्त भरले तर सवलतींना पात्र. हात किती वाकतो ते मोजता येत असेल. वाचताना पोरगं किती अडतं याचे टक्के काढणं मला अजून पटलेलं नाही.

तरीही कागद काढावा, असंच मी सांगते. तासाला 20 मिनिटं जादा मिळतात, लेखनिक मिळतो. आमच्या पोराला दहावीच्या पेपरात तेवढ्यानेच उभं राहता येईल. फक्त एक काळजी मला नेहमी वाटत आली: कागद हाती पडला की शाळा शिकवायचं सोडते. "त्याला लेखनिक आहे ना मॅडम, मग लिहायला कशाला शिकवायचं?" हे मी एका चांगल्या, मनाने प्रेमळ मुख्याध्यापकांच्या तोंडून ऐकलंय. निकालाची टक्केवारी सांभाळायची असली की प्रेमळ माणसंही असं बोलतात.

बापाची काळजी मात्र भलतीच होती. "सरकारी कागदावर अपंग लिवून येईन ना, मॅडम? मंग पुढं त्याचं लग्न कसं होईन?" कास्तकाराच्या मुलांची लग्नं आधीच जमेनात, त्यात हे. मास्तर त्याला समजवायला निघाले होते, मी त्यांना थांबवलं. बापाचा हिशोब खोटा नव्हता. त्याला म्हटलं, भाऊ, घाई नाही. आठवी होऊ द्या. घरात बोला, पोट्ट्यालाही विचारा.

घरात काय बोलणं झालं मला माहीत नाही, पण आठवीत त्याच्या मायने निकाल लावला. ती म्हणाली, लग्न व्हायचं तेव्हा होईन, दहावी तं दोन वर्सावर आली. ती स्वतःच त्याला घेऊन जिल्ह्याला गेली, बापाला वावरात ठेवून. कागद झाला. किती फेऱ्या पडल्या ते ती सांगत नाही, नुसता हात हलवते.

आता तो नववीत आहे. मी निवृत्त झाले, फॉर्म भरायचे संपले, पण त्या बाजूला गेले की त्यांच्या वावरात डोकावते. गेल्या खेपेला बांधावर बसून मी त्याला लेखनिकाचं समजावून सांगत होते. तू तोंडाने उत्तर सांगायचं, तो लिहील, तो तुझ्यापेक्षा खालच्या वर्गातला असेल, त्याच्या मनाचं त्याने काही लिहायचं नाही.

त्याने जरा विचार केला. "म्हंजे मी शाया म्हनीन अन् तो शाळा लिहीन?"

"हो."

"मंग मार्क कोनाले?"

"तुलेच."

"अन् त्यानं चुकीचं लिवलं तं?"

"तेही तुलेच. म्हणून वाचून घ्यायचं. पेपर द्यायच्या आधी सगळं स्वतः वाचायचं, कितीही वेळ लागो."

बाप मोठ्याने हसला. "पाय बाप्पा, म्हंजे सुटका नाहीच!" तेवढ्यात लाइन आली आणि दोघं बापलेक मोटर चालू करायला उठले.